फट ठेवलेला पूल : स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या काठाने चार दिवस

लेकीकडे बर्मिंगहॅमजवळच्या शर्ली गावाला येऊन तीन आठवडे झाले होते आणि लंडन, बाथ, स्टोनहेंज सगळं बघून झालं होतं, तरी मनात राहिलं ते तिच्या घरापासून दहा मिनिटांवरचं एक ठिकाण. तिथे कालव्यावर उचलायचा पूल आहे. बोट आली की बोटवालाच खाली उतरतो, चावी लावतो, बटण दाबतो, घंटा वाजते, गाड्या थांबतात आणि आख्खा रस्ता वर उचलला जातो. बोट चालत्या माणसाच्या वेगाने निघून गेली की रस्ता पुन्हा खाली, आणि एवढा वेळ एकही गाडीवाला हॉर्न वाजवत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ऋतूला म्हटलं, हा कालवा जातो कुठे ते मला बघायचंय. ती म्हणाली, आई, हा स्ट्रॅटफर्डला जातो, शेक्सपिअरच्या गावाला, चालत जाऊया का?

मला कालव्याचं एवढं का वाटावं त्याला कारण आहे. आमचे दादा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. बारामतीकडच्या लोकांना पाटकरी म्हणजे काय ते सांगायला नको. आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री सायकलवर कंदील अडकवून भरावाच्या कडेने जायचं, कुठल्या चारीला किती पाणी, कोणी दारं फोडलीत का, कुठे भराव पाझरतोय का हे बघायचं. माझं लहानपण त्या भरावावर गेलं. त्यामुळे कालवा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर वाहतं, गढूळ, ओढ असलेलं पाणी येतं आणि त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. इथला कालवा तसा नाही. इथलं पाणी कुठे चाललेलंच नसतं, ते उभं असतं, कारण ते शेताला द्यायचं नव्हतंच, त्याच्यावरून कोळसा न्यायचा होता. हे कळायला मला दोन दिवस लागले आणि ते कळल्यावर बाकी सगळं उलगडत गेलं.

दिवस पहिला, शुक्रवार

ऋतूने रजा टाकली. ह्यांच्या गुडघ्यामुळे हे नातवाला घेऊन घरीच राहिले आणि जावयांनी आम्हाला सकाळी साडेनऊला गाडीने लॅपवर्थजवळ किंग्जवुड जंक्शनला सोडलं. कालवा सुरू होतो तिकडे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला किंग्ज नॉर्टनला, एकूण साधारण २५ मैलांचा, पण आम्ही खालचा अर्धाच धरला, किंग्जवुड ते स्ट्रॅटफर्ड, साधारण १३ मैल. तीन दिवसांत रमतगमत होईल असं ठरवलं. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा.

मे महिना, सगळीकडे हॉथॉर्नच्या झुडपांना पांढरा बहर, आणि वास जरा उग्र. जंक्शनला दोन कालवे शेजारी शेजारी येतात, आपला स्ट्रॅटफर्डचा आणि दुसरा ग्रँड युनियन, मध्ये एक छोटा तुकडा खणून दोन्ही जोडलेत. ते जोडकाम १८०२चं. काम सुरू झालं होतं १७९३ला, म्हणजे इकडे अजून पेशवाई होती तेव्हा! पण इथपर्यंत आल्यावर पैसे संपले आणि पुढचं काम दहा वर्षं रखडलं. मग विल्यम जेम्स नावाच्या माणसाने मनावर घेतलं, १८१२ला पुन्हा खणायला सुरुवात झाली आणि १८१६च्या जूनमध्ये कालवा स्ट्रॅटफर्डला नदीला मिळाला. हे आधी सांगते कारण पुढे जे बघितलं ते सगळं त्या पैशाच्या ओढाताणीतून आलेलं आहे.

पहिल्या लॉकच्या, म्हणजे बोट खाली-वर करायच्या दारांच्या हौदाच्या, खालच्या टोकाला तो पूल दिसला.

पूल म्हणावा एवढा मोठा नाहीच तो. कोकणात साकव म्हणतात तेवढा, आपल्याकडे शेतात जायला चारीवर टाकतात तेवढा. दोन्ही काठांना विटांचे ओटे, त्यांच्यातून लोखंडाचे दोन हात पुढे आलेले, ओतीव लोखंडाचे, वर कठडा. मी चालत मध्यावर गेले आणि पायाखाली बघितलं तर फट. बरोब्बर मधोमध, जेमतेम हाताचं बोट शिरेल एवढी, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सरळ, आणि कठडासुद्धा त्याच ठिकाणी तुटलेला. मला वाटलं पूल तडकलाय. ऋतूला मागे सर म्हटलं. ती म्हणाली, आई, पुढचा बघ, त्यालाही आहे. खरंच होती. तिसऱ्यालाही.

तेवढ्यात लॉकमध्ये एक बोट आली, वयस्कर नवराबायको, त्यातल्या बाईंनी समजावलं. मी ऋतूला मध्ये मध्ये विचारत होते आणि त्या शांतपणे पुन्हा सांगत होत्या. पूर्वी बोट घोडा ओढायचा. घोडा काठावरच्या वाटेवर, बोट पाण्यात, मध्ये लांब दोर. आता पूल आला की काय करणार? घोडा पुलाखालून न्यायचा तर पूल एवढा रुंद बांधायला हवा की पाणी पण मावेल आणि घोड्याची वाट पण. म्हणजे विटा जास्त, कमान मोठी, खर्च दुप्पट. आणि पूल नुसता पाण्यापुरता बांधला तर घोडा बाहेरून जाणार, बोट खालून, आणि दोर पुलाला अडकणार, म्हणजे दर वेळी घोडा सोडा, दोर काढा, पलीकडून पुन्हा बांधा. तर यांनी काय केलं, पूलच दोन अर्धे केले! दोन्ही अर्धे आपापल्या काठावर भक्कम रोवलेले, मध्ये एकमेकांना टेकतच नाहीत. घोडा पुलाच्या टोकाला वळसा घालून पुढे, दोर त्या फटीत पडतो, बोट खालून सरकते तसा दोर फटीतून सरकत जातो आणि पलीकडे मोकळा होतो. घोड्याला थांबायला लागत नाही.

मी त्या फटीपाशी खाली बसले. कडा हाताने चाचपून बघितल्या, लोखंड थंडगार, कड गोल झालेली. खाली पाणी दिसत होतं, फटीएवढीच उजेडाची रेघ पाण्यावर पडलेली, आणि फटीत हॉथॉर्नच्या पाकळ्या अडकलेल्या. दोर जाईल एवढीच जागा, त्याहून जास्त नाही! आमच्या दादांना हे बघून काय आनंद झाला असता. कमी सामानात काम निभावणाऱ्या गवंड्याचं ते फार कौतुक करायचे.

नंतर त्या बाईंनी ऋतूला लॉकचं दार ढकलू दिलं. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फुटांची बोट मावेल असा विटांचा हौद, दोन्ही टोकांना लाकडी दारं. बोट आत घेतली की वरची दारं लावायची, मग विंडलास नावाची कोनात वाकवलेली लोखंडी चावी फिरवून खालच्या दाराची झडप उचलायची, पाणी खाली जातं आणि बोट पाण्याबरोबर उतरते. आपल्या चारीच्या झडपेसारखीच झडप, दात्यांची पट्टी आणि चक्र, कडकड आवाज पण तोच. दाराला जो लांब दांडा असतो त्याला पाठ लावून मागे सरत जायचं. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं नसेल तर दहा माणसं लागली तरी दार हलत नाही, आणि झालं की एकटी मुलगी ढकलते. ऋतूने ढकललं तेव्हा तिचा चेहरा मी आठ-नऊ वर्षांच्या ऋतूचा बघितला.

पुढे एक घर लागलं आणि मी पुन्हा थांबले. विटांचं बुटकं घर, त्यावर छप्पर अर्ध्या पिंपासारखं गोल. असं घर मी कुठे बघितलेलं नाही. या कालव्यावर अशी सहा बांधली होती. सांगतात असं की कालव्याच्या लोकांना पुलाची कमान बांधायचा हात बसलेला होता, मग घराला पण त्यांनी कमानच घातली, सरळ छपराची लाकडं कशाला आणा. त्यात राहायचा तो लेंग्थ्समन. त्याचं काम काय, तर नेमून दिलेल्या लांबीचा काठ रोज चालत जायचा, पाझर बघायचा, गवत कापायचं, झडपा बघायच्या. ऋतू वाचून दाखवत होती आणि मी म्हटलं, अगं म्हणजे पाटकरीच की! दादांना चौकीची जी खोली होती ती पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी. पण एका खोलीत संसार, दारात पाणी आणि रात्री आवाज बदलला की झोपेतून उठून जायचं, हे दोन्हीकडे सारखंच असणार. त्या घरासमोर मी बराच वेळ उभी होते.

मध्ये एम ४० मोटरवे डोक्यावरून जातो, तेवढा भाग गोंगाटाचा, भराभर पार केला. दुपारी लोसनफर्डला पोचलो. तिथे काठावर जुना पब आहे, फ्लर द लीस, तिथले पाय एके काळी देशभर माहिती होते. आम्ही चहा आणि बटाट्याचे काप घेतले. चारला जावई आले न्यायला.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळपासून भुरभुर पाऊस. जावई म्हणाले, आई, आज राहू दे. मी म्हटलं, मी पाटाच्या कडेने पावसात शाळेत गेलेली बाई आहे, चला. लोसनफर्डहून सुरुवात.

थोड्या अंतरावर यार्निंगेलला एक छोटा जलसेतू आहे, म्हणजे कालवाच एका ओढ्यावरून जातो, लोखंडी कुंडातून. तो इतका छोटा की लक्ष नसेल तर कळत पण नाही. पण त्याची गोष्ट मोठी आहे. आधी तो लाकडाचा होता. १८३४ला शेजारच्या कालव्याचा, म्हणजे काल बघितलेल्या ग्रँड युनियनचा (तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं) भराव फुटला आणि ते पाणी ओढ्याने येऊन हा लाकडी सेतू घेऊन गेलं. मग लोखंडाचा बसवला, तो आजतागायत आहे. भराव फुटणं म्हणजे काय ते मी बघितलेलं आहे. एकदा रात्री दादा धावत आले आणि घरातली पोती घेऊन गेले, सकाळी ऊस आडवा आणि त्यात मासे. त्यामुळे मी त्या कुंडाच्या कडेला हात ठेवून नमस्कार केला, ऋतूने फोटो काढला.

पुढे प्रेस्टन बॅगटपर्यंत लॉकमागून लॉक आणि जवळपास प्रत्येकाला तो फटीचा पूल. काही शेतांमधले पूल पण तसेच. मी मोजायचं सोडून दिलं पण प्रत्येकावर मध्ये जाऊन उभी राहिले. सगळे एकसारखे वाटतात पण नाहीत. कुठे फट अरुंद झालेली, कारण ओटा एका बाजूने खचलाय, कुठे मातीने बुजून त्यात गवत उगवलंय, एका ठिकाणी तर फटीत छोटं पिवळं फूल होतं, पावसाने वाकलेलं. रंगवलेत मात्र नीट, निगा आहे.

ही निगा आपोआप नाही आली, आणि हे मला त्या दिवशी संध्याकाळी घरी वाचताना कळलं. रेल्वे आल्यावर कालव्याचा धंदा बसला, रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला, मग हळूहळू वापर संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर खालचा भाग, म्हणजे आम्ही चालत होतो तोच, गाळाने भरलेला, दारं कुजलेली, लॉकमध्ये झाडं. १९५८ला वॉरिकशायर कौंटी कौन्सिलने अर्ज केला की हा कालवा कायमचा बंद म्हणून जाहीर करा, कारण विल्मकोटजवळचा एक पूल नवा करायचा होता आणि खाली बोटी जाणार नसतील तर तो स्वस्तात होणार होता. त्यांचं म्हणणं, तीन वर्षांत इथून एकही बोट गेलेली नाही. आणि मग बोटवाल्या लोकांनी पुरावा काढला. दोन जण कनू घेऊन, छोटी वल्ह्याची होडी हो, त्या गाळातून गेलेले होते आणि त्यांच्याकडे रीतसर तारखेचा परवाना होता! एका कागदाने कालवा वाचला. १९५९ला अर्ज फेटाळला गेला.

वाचलं खरं पण दुरुस्त कोण करणार? नॅशनल ट्रस्टने १९६०ला कालवा भाडेपट्ट्याने घेतला आणि डेव्हिड हचिंग्ज नावाच्या कॉव्हेंट्रीच्या आर्किटेक्टने काम अंगावर घेतलं. माणसं कुठून आणली तर शनिवार-रविवारी येणारे हौशी लोक, स्काउटची मुलं, लष्कराचे जवान आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातले कैदी. गाळ हाताने उपसला, दारं तिथल्या तिथे सुताराकडून करून घेतली. १९६१ला सुरुवात आणि ११ जुलै १९६४ला राणीच्या आईच्या हस्ते कालवा पुन्हा सुरू. हे वाचून मी ऋतूला म्हटलं, आपण काल ज्या दाराला पाठ लावली ना, त्या जागी कोणीतरी कैदी गुडघाभर गाळात उभा होता. तिच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याही.

तर दुपारी वूटन वॉवनला पोचलो, चिंब. तिथे कालवा हमरस्त्यावरून जातो, लोखंडी सेतूवरून, १८१३चा. खालून ट्रक जातायत आणि वरून बोट. गावातलं चर्च सॅक्सन काळातलं आहे, आत जाऊन बसलो, बूट काढून मोजे पिळले. परतीला छोटं रेल्वे स्टेशन, तिथे गाडी हात केला तरच थांबते, आपण एसटीला हात करतो तसा. मी हात केला, गाडी थांबली, फार बरं वाटलं.

दिवस तिसरा, रविवार

आज लख्ख ऊन. ट्रेनने पुन्हा वूटन वॉवन आणि तिथून मैलभरावर एडस्टोनचा सेतू. इंग्लंडमधला सर्वात लांब, ४७५ फूट. विटांच्या खांबांवर लोखंडी कुंड, खालून ओढा, रस्ता, रेल्वे. पण लांबीचं मला काही वाटलं नाही, मला वाटलं ते चालायच्या वाटेचं. वाट कुंडाच्या वरच्या कडेला नाही, तळाच्या पातळीला आहे. म्हणजे तुम्ही चालताय आणि पाणी तुमच्या कमरेच्या वर, शेजारी, लोखंडाच्या पातळ भिंतीपलीकडे. एक बोट आली आणि बोटीतल्या माणसाचे पाय माझ्या खांद्याशी. त्याच्या कुत्र्याने माझं डोकं हुंगलं. पलीकडच्या बाजूला कठडा नाहीच, बोटीतून बघितलं तर थेट खालची शेतं. पूर्वी खालून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांना याच कुंडातून पाणी भरायचे. ज्या रेल्वेने कालव्याचा धंदा नेला तिला पाणी कालव्याने दिलं, हे ऋतू म्हणाली, मला नव्हतं सुचलं.

विल्मकोटला शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं घर. कित्येक वर्षं लोक ज्या घराला तिचं घर समजून बघत होते ते शेजाऱ्याचं निघालं, २०००च्या सुमाराला कागदपत्रांतून कळलं की तिचं घर त्याच्या बाजूचं. बाहेरूनच बघितलं, कारण पुढे अकरा लॉकची उतरंड होती आणि मला ती घाई न करता उतरायची होती. अकरा लॉक म्हणजे अकरा पायऱ्या, वरून बघितलं तर पाणी खाली खाली उतरत गेलेलं. एका बोटीबरोबर आम्ही तीन लॉक केली. विंडलास माझ्या हातात दिली त्यांनी. पाच-सहा आटे फिरवले आणि खाली पाणी सुटल्याचा घुमणारा आवाज आला, तो आवाज, अगदी तोच, डोळे मिटले असते तर मी निंबूतच्या पुलावर होते.

स्ट्रॅटफर्डच्या जवळ कालवा घरांच्या मागून, कारखान्यांच्या मागून येतो, तो भाग पटकन संपला. आणि मग एका पुलाखालून वाकून बाहेर पडलात की एकदम बॅनक्रॉफ्ट बेसिन, रंगीत बोटी, राजहंस, समोर शेक्सपिअरचं थिएटर आणि शेकडो माणसं. तीन दिवस आम्ही एवढ्या शांततेत होतो की मला गर्दीत शिरवेना. शेवटचं लॉक ओलांडून बोटी एव्हन नदीत जातात, तिथे कठड्याला टेकून शेवटची दशमी खाल्ली. नदीवर शेजारीच विटांचा जुना ट्रामवे पूल आहे, १८२३चा, घोड्यांच्या ट्रामसाठी बांधलेला. ती ट्राम मॉर्टन गावापर्यंत न्यायची कल्पना पुन्हा त्याच विल्यम जेम्सची. त्या माणसाचा पुतळा असला तर मला बघायचा होता, पुतळा शेक्सपिअरचा होता.

दिवस चौथा, सोमवार

बँक हॉलिडे होता म्हणून सगळ्यांना सुट्टी. नातवाला तीन दिवस मी फटीच्या पुलाचंच सांगत होते, त्याने विचारलं, आजी, पण दोर खरंच जातो का? मला वाटलं, हे बघायलाच हवं. मग सगळे पुन्हा किंग्जवुडला, ह्यांना पण नेलं, गाडीतून पुलापर्यंत थोडंच चालायचं होतं.

घरून सुतळी नेली होती आणि तिच्या टोकाला बांधायला बॅगेचं छोटं कुलूप. बोट म्हणजे कुलूप, घोडा म्हणजे नातू. तो मध्ये दोन-तीनदा खिंकाळला. मी पुलाच्या वरच्या अंगाला वाकून कुलूप खाली सोडलं, पाण्याच्या वीतभर वर लटकेल असं, आणि सुतळी फटीच्या तोंडाशी आणली. पहिल्यांदा अडकली, फटीत माती आणि पाला घट्ट बसलेला. ह्यांनी खिशातलं पेन काढलं, नको म्हटलं, काडी शोधली आणि फट इकडून तिकडे हळूहळू मोकळी केली, पाला पाण्यात पडत गेला. मग म्हटलं, हं, चल आता, घाई नको.

नातू पुलाच्या टोकाला वळसा घालून वाटेने निघाला. सुतळी ताणली गेली, लोखंडाच्या कडेवरून सर्र असा बारीक आवाज झाला आणि ती फटीत शिरली. मी पोटावर आडवी होऊन बघत होते. खाली कुलूप उजेडाच्या रेघेखालून सरकत होतं, सरकत होतं, आणि पलीकडच्या कठड्याच्या फटीतून सुतळी बाहेर पडली, कुलूप उन्हात आलं. नातू थांबला नव्हता, तो मागे न बघता पुढच्या लॉककडे चालत राहिला.